धारणी गाडीचे दोघे

परतवाड्याच्या एसटी आगारात धर्मपाल तायडे आणि भगवंत राऊत ही दोन नावं लोक एका दमात घ्यायचे. धर्मपाल ड्रायव्हर, भगवंत कंडक्टर. ड्युट्या बदलायच्या, साहेब बदलायचे, पण हे दोघं काहीतरी खटपट करून पुन्हा एकाच गाडीवर यायचे, आणि ती गाडी बहुतेक वेळा धारणीचीच असायची. सेमाडोह, हरिसाल करत जाणारा तो घाटाचा रस्ता. नवे ड्रायव्हर त्या ड्युटीला नाक मुरडायचे. धर्मपालनं त्या रस्त्यावर बावीस वर्षं काढली.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना मेळघाटचं जंगल. पण धर्मपालनं ते पाहिलं ते समोरच्या काचेतून, आणि तेही ओझरतं. एका बाजूला दरी, पुढं वळण, मागं पंचावन्न माणसं. ड्रायव्हरला झाडं न्याहाळायची उसंत कुठली? कधी गवा आडवा यायचा, कधी अस्वल. ब्रेक लावायचा, जाऊ द्यायचं, पुन्हा गिअर टाकायचा.

निवृत्त होऊन त्याला तीन वर्षं झाली होती, तेव्हा वनखात्यानं घटांगच्या पुढं, जंगलाच्या बाहेरच्या पट्ट्यात, चिचघाटची निसर्गवाट सुरू केल्याचं त्याच्या कानावर आलं. सहा किलोमीटर पायी चालायचं, सोबत गावातलाच एक वाटाड्या. धर्मपालच्या डोक्यात ती गोष्ट घर करून बसली.

त्याची बायको जाईबाई हसली. "बावीस वर्षं त्याच जंगलातून येनं-जानं केलं. अजून पोट नाई भरलं?"

"येनं-जानं केलं, पन उतरलो कुठी?" धर्मपाल म्हणाला.

एकट्यानं जायचं मात्र त्याच्या मनाला पटेना. जायचं तर भगवंतासोबत.

भगवंताची मात्र वेगळीच कथा होती. ज्या माणसाला सगळ्या थांब्यांची भाडी तोंडपाठ, कुणाचा मुलगा कितवीत आहे तेही ठाऊक, तो माणूस दोन वर्षांपासून विसरायला लागला होता. आधी चष्मा, मग किल्ली, मग शेजाऱ्याचं नाव. अमरावतीच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, गोळ्या दिल्या आणि हळू आवाजात सांगितलं की हे वाढत जाणार. भगवंताची बायको माणिकबाई लोकांना एवढंच सांगत, "वयाचं आहे. थोडंसं विसरते." धर्मपाल आठवड्यातून एकदा जाऊन बसे. भगवंत त्याला ओळखायचा. कधी नावानं, कधी नुसतं 'डायवर साहेब' म्हणून, पण ओळखायचा.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात धर्मपालनं माणिकबाईकडे विषय काढला. त्या मेथी निवडत होत्या. एकेक काडी खुडत राहिल्या.

"वयनी, एका दिवसाचाच तर प्रश्न आहे. सकाळच्या गाडीनं जाऊ, दुपारी वापस. तुमालेही जरा आराम."

आराम हा शब्द ऐकून माणिकबाईंनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलेलं धर्मपालला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं.

"न्या," त्या म्हणाल्या. "पन भाऊ, हात सोडू नका त्याईचा."

"बावीस वर्षं माह्या मांगं उभा राह्यला तो. आता कुठी जाते?" धर्मपाल हसून म्हणाला.

सकाळी सहाची धारणी गाडी. दोघं चढले. गाडी गावाबाहेर पडली न पडली तोच भगवंत उठला आणि दांड्याला धरून पहिल्या बाकापासून विचारत निघाला, "बोला, कुठी? सुट्टे द्या, सुट्टे." लोक बघायला लागले. एक-दोघं हसले. गाडीवरची कंडक्टर रागिणी नावाची तरुण मुलगी होती. धर्मपालचा जीव कसानुसा झाला. तो उठून तिला काहीतरी सांगायला निघाला, तर तिनं डोळ्यांनीच त्याला बसायला सांगितलं. ती भगवंताच्या मागोमाग चालत राहिली. तो विचारायचा, ती मशीनमधून तिकीट काढून द्यायची. शेवटच्या बाकापर्यंत असं झाल्यावर ती म्हणाली, "झाली काका सगळी. बसा आता." भगवंत समाधानानं येऊन बसला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

चिचघाटच्या नाक्यावर वनखात्याची एक खोली होती, बाहेर सिमेंटचा बाक. वाटाडी म्हणून फुलवंती कास्देकर आली. तिशीच्या आतली कोरकू बाई, अंगावर खाकी शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. त्यांच्यासोबत आणखी एकच जण होती, अकोल्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या रश्मी मॅडम. त्यांच्या गळ्यात दुर्बीण होती आणि हातात वही.

फुलवंतीनं रजिस्टर उघडलं. नावं लिहिली, वयं लिहिली. मग विचारलं, "कोणाले काही तकलीफ? दमा, शुगर, फीट, काही?"

धर्मपालच्या ओठावर आलं होतं. पण सांगितलं आणि तिनं नाही म्हटलं तर? एवढ्या लांब येऊन भगवंताला बाकावर बसवून ठेवायचं? आणि खरं सांगायचं तर, भगवंताच्या देखत ते शब्द उच्चारायची त्याला लाज वाटली.

"काही नाई. दोघंही ठणठणीत," तो म्हणाला.

फुलवंतीनं नियम सांगितले. एका रांगेत चालायचं. वाट सोडायची नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. "आन एक. मोहफुलं पडून राह्यली सध्या. अस्वलाले मोह लय आवडते. पहाटे खायले येते, कधीकधी उन्हं चढेपर्यंत तथीच रायते. म्हनून कोनी मांगं-पुढं व्हायचं नाई."

वाट सुरू झाली. साग निष्पर्ण होता, आणि त्याची वाळकी मोठाली पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. मधूनच एखादा पळस लालभडक पेटलेला दिसायचा. धर्मपालला चालताना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं, इंजिनचा आवाज नव्हता. इतकी वर्षं या जंगलाला त्याच्या लेखी एकच आवाज होता. आता कुठं लांब कोतवाल पक्षी ओरडायचा, कुठं पानात सरडा पळायचा, आणि दोन आवाजांच्या मध्ये एवढी शांतता असायची की त्याला स्वतःचा श्वास ऐकू यायचा.

एका वळणावर खालच्या घाटातून एसटीची घरघर ऐकू आली. धर्मपाल थबकला.

"सेकंडवर टाकाले पायजे होती," तो पुटपुटला.

"नवा आहे," भगवंत लगेच म्हणाला. "शिकन."

दोघं एकमेकांकडे पाहून हसले. त्या क्षणी भगवंत अगदी पूर्वीचा भगवंत होता, आणि आपण याला आणलं हे फार बरं केलं असं धर्मपालला वाटलं. भगवंत चालतही छान होता. रश्मी मॅडम झाडांची नावं सांगायच्या, धावडा, लेंडिया, सालई, आणि भगवंत प्रत्येक नावाला मान डोलवायचा. तहान लागली की बाटली मागायचा, प्यायचा, आठवणीनं झाकण लावून परत द्यायचा. धर्मपालनं पहिला तासभर त्याचा हात धरला होता. मग वाट अरुंद झाली, दोघांनी शेजारी चालणं जमेना, आणि त्यानं हात सोडला. भगवंत त्याच्या मागं, सगळ्यांच्या शेवटी चालू लागला. ड्रायव्हर पुढं, कंडक्टर मागं.

नऊच्या सुमारास फुलवंती एकदम खाली बसली आणि सगळ्यांना बसायची खूण केली. समोरच्या वठलेल्या सागाच्या फांदीकडे तिनं बोट दाखवलं.

"रानपिंगळा," ती कुजबुजली. "दिवसा दिसनारं घुबड. नशीब लागते."

रश्मी मॅडमनी दुर्बीण डोळ्यांना लावली. तीन वर्षांपासून त्या या पक्ष्यासाठी येत होत्या. पोटभर पाहून झाल्यावर त्यांनी दुर्बीण धर्मपालच्या हातात दिली. आधी त्याला नुसतं धुरकट दिसलं, मग एकदम मूठभर पक्षी डोळ्यांपुढं आला. गोल डोकं, पिवळे डोळे, पांढरं पोट. तो शेपटी हलवत होता आणि सरळ धर्मपालकडेच पाहत होता. धर्मपालनं श्वास रोखून धरला. याच जंगलातल्या रस्त्यानं आपण हजारो फेऱ्या मारल्या आणि हा जीव वर बसलेला असेल, हे मनातसुद्धा आलं नाही कधी.

"भगवंता, हे पाय," तो म्हणाला आणि दुर्बीण देण्यासाठी मागं वळला.

मागं कुणी नव्हतं.

वाट तशीच होती, पानं तशीच. धर्मपालला वाटलं झाडाआड बसला असेल. तो चार पावलं मागं गेला, वळणापर्यंत गेला. "भगवंता!" पहिली हाक हळू निघाली, दुसरी मोठ्यानं.

फुलवंती धावत आली. "लघवीले गेले असतीन बाबा."

"नाई," धर्मपाल म्हणाला. "त्याले विसरायची बिमारी आहे. आपन कुठी आलो हे त्याच्या ध्यानातच नसन. मी सांगतलं नाई तुमाले."

फुलवंतीनं गळ्यातली शिट्टी हातात घेतली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं धर्मपालला वाटलं. ती एवढंच म्हणाली, "सांगतलं असतं तर मी त्याईले माह्या मांगं, मधात चालवलं असतं."

तिनं शिट्टी दोनदा वाजवली, मग हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "सारखं ओरडू नका. हाक मारा, मंग आयका. आयकनं जास्त महत्त्वाचं." फोनला रेंज नव्हती. नाक्यावर परत जायचं तर तास मोडला असता. तिनं ठरवलं, तिघांनी मिळून शोधायचं, कुणी सुटं व्हायचं नाही.

वाटेच्या डाव्या हाताला, उताराकडे, पानं थोडी विस्कटलेली होती. तिकडे उतरले. पन्नास-साठ पावलांवर जमीन उकरलेली दिसली, मुंग्यांचं वारूळ फोडलेलं, माती अजून ओलसर. फुलवंतीनं वाकून पाहिलं आणि पुढं झाली. रश्मी मॅडमनी विचारलं, "अस्वल?" तिनं मान हलवली. "आजचंच."

धर्मपाल फुलवंतीच्या मागोमाग चालत राहिला. डोळ्यांसमोर माणिकबाई यायच्या, मेथीची जुडी हातात धरून बसलेल्या. काय सांगायचं त्यांना? एक घुबड पाहत होतो म्हणून? त्यानं बावीस वर्षांत एकही अपघात केला नव्हता. आगारात त्याचा त्याबद्दल सत्कार झाला होता, शाल-नारळ दिलं होतं. आणि आज ज्या एका माणसाला सांभाळून न्यायचं होतं, तोच त्यानं मागल्या मागं हरवला.

अर्धा तास झाला. ऊन चढायला लागलं. फुलवंती एका दगडावर बसली आणि तिनं धर्मपाललाही बसवलं, पाणी पाजलं.

"बाबा, मले सांगा. घरी ते बाहेर पडते तवा कुठी जाते?"

"मले नाई माहीत. वयनी म्हनते घरातच रायते."

"मंग कशाले भुलते? टीवी? देऊळ? जनावरं?"

धर्मपालनं डोळे मिटले. भगवंत कशाला भुलतो? त्याला रिकामी गाडी आवडायची नाही. शेवटची फेरी रिकामी असली की अस्वस्थ व्हायचा, पुढं येऊन बोनेटवर बसायचा, बडबड करायचा. बाजाराच्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नसायची, कोंबड्या, पोती, रडणारी पोरं, आणि भगवंत त्या गर्दीत माशासारखा पोहत असायचा.

"मानसं," धर्मपाल म्हणाला. "जिकडं मानसं बोलते तिकडं तो जाते."

फुलवंती ताडकन उठली. "नाल्याच्या पल्याड, रानाच्या कडेले मोहाची झाडं हायेत. आमच्या गावच्या बाया येते तथी फुलं वेचाले." तिनं कान दिला. वारा त्यांच्याकडून तिकडे वाहत होता, त्यामुळं काही ऐकू येईना. "तथीच गेले असतीन. मांगून आवाज आला असन, आपल्याले आयकू नाई आला, पाखराच्या नादात."

नाला कोरडा होता. तो ओलांडून वर चढताना धर्मपाल दोनदा घसरला, गुडघा खरचटला. वर येताच मोहाचा गोडसर, आंबूस वास नाकात भरला आणि पाठोपाठ हसण्याचा आवाज आला. बायकांचं हसणं, खळखळून.

मोठ्या मोहाखाली जमीन झाडून साफ केलेली होती. फिकट पिवळी फुलं मोत्यांसारखी सांडली होती. दोन बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये उकिडवा बसून भगवंत फुलं वेचत होता. डोक्यावरची टोपी त्यानं काढून मांडीवर उलटी धरली होती आणि ती भरत आली होती. मध्येच तो काहीतरी कोरकूत बोलायचा आणि बायका पुन्हा हसायच्या.

धर्मपाल जागच्या जागी खाली बसला. त्याला रडू आवरेना. साठी उलटलेला माणूस, पण बायकांसमोर तोंड झाकायचंसुद्धा त्याला सुचलं नाही.

भगवंतानं त्याला पाहिलं. "कुठी होता बे तू? गाडीचा टाइम झाला ना."

"चाल, निघू आता," धर्मपाल कसाबसा म्हणाला.

"भरू दे एवढी. मंग डबल बेल देतो."

फुलवंती त्या बायकांशी बोलली. थोरली बाई सोमती, पन्नाशीची, चेहऱ्यावर गोंदण. तिनं सांगितलं की हा माणूस झाडीतून आला आणि आल्या आल्या 'दा' म्हणजे पाणी मागितलं, तेही त्यांच्या बोलीत. मग तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि ओळखलं. वाट चुकला आहे हे तिला लगेच कळलं. फुलं वेचायला बसवलं, म्हणजे एका जागी राहील. मग गावातून कुणाला तरी नाक्यावर धाडणार होती.

"ओळखलं? कसं काय?" रश्मी मॅडमनी विचारलं.

"कंडक्टर बाबाले कोन नाई वळखत या रोडवर?" सोमती म्हणाली. मग हिंदी-मराठी मिसळत तिनं जे सांगितलं ते धर्मपाल पहिल्यांदाच ऐकत होता. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ती धारणीच्या दवाखान्यातून लेकीला घेऊन येत होती. लेक तापानं फणफणलेली, सोमतीच्या स्वतःच्याच अंगात उभं राहायचं बळ नव्हतं. तिचं गाव रस्त्यापासून आत, थांबा पुढं दोन मैलांवर. भगवंतानं मधेच घंटी मारून गाडी थांबवली, पोरीला खांद्यावर टाकलं आणि सोमतीला घेऊन पायवाटेनं गावात सोडून आला. "गाडी खडी राही. डायवर होरन मारत राहे, मारत राहे. ये बाबा बोले, मारू दे, ओ मेरा दोस्त है, जाएगा नाई." ती हसली. "लडकी ठीक हो गई. आता तिले दोन लेकरं हायेत."

धर्मपालला ती दुपार आठवली. त्याला आठवत होतं ते फक्त हॉर्न मारणं, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी धापा टाकत परतलेला भगवंत. "पोटात कळ आल्ती," एवढंच तेव्हा त्यानं सांगितलं होतं. धर्मपालनं त्याला परतवाड्यापर्यंत शिव्या दिल्या होत्या, आणि डेपोत उशिराबद्दल खुलासा द्यायची वेळ आली तेव्हाही भगवंतानं पोटाचंच कारण लिहून दिलं होतं.

"काहून सांगतलं नाई बे मले?" त्यानं विचारलं.

भगवंतानं त्याच्याकडे भाबडेपणानं पाहिलं. त्याला काहीच आठवत नव्हतं. "काय नाई सांगतलं?" तो म्हणाला आणि टोपीतली फुलं सोमतीच्या टोपलीत ओतून दिली.

परतीच्या वाटेवर फुलवंतीनं भगवंताला आपल्या मागं घेतलं, त्याच्या मागं धर्मपाल, शेवटी रश्मी मॅडम. नाक्यावर आल्यावर फुलवंती रजिस्टर उघडून बसली आणि पेन हातात धरून थांबली.

"लिहा," धर्मपाल म्हणाला. "मी खोटं बोललो असंच लिहा. तुमच्यावर येऊ देऊ नका."

तिनं झालं तसं लिहिलं. मग म्हणाली, "त्याईले आनू नका असं मी नाई म्हनत, बाबा. लय बरं वाटलं त्याईले. पन पुढच्या टायमाले खरं सांगा. मी एक मानूस जास्तीचा घेईन, बस."

दुपारी तीनच्या सुमारास दोघं परतवाड्याला उतरले. राऊतांच्या घराच्या दाराशी धर्मपाल थांबला. न सांगून चाललं असतं. भगवंत सुखरूप होता, त्याला काही आठवतही नव्हतं. कुणाला कधी कळलं नसतं. पण आज सकाळी एक खोटं बोलून काय झालं ते त्यानं पाहिलं होतं.

भगवंत आत जाऊन पलंगावर बसला. माणिकबाईंनी पाणी आणलं. धर्मपाल उभाच राहिला.

"वयनी, मी हात सोडला त्याचा. जंगलात हरवला तो. तासभर सापडला नाई." आणि त्यानं सगळं सांगितलं. रजिस्टर, घुबड, उकरलेलं वारूळ, मोहाखालच्या बाया. काही झाकलं नाही. "तुमी मले काय बोलायचं ते बोला."

माणिकबाई भगवंताजवळ गेल्या आणि त्याच्या शर्टाची कॉलर उलटी केली. आतल्या बाजूला लाल दोऱ्यानं शिवलेले दहा आकडे होते. त्यांचाच मोबाईल नंबर.

"दिवाळीपासून चार खेपा घरातून निघून गेले," त्या म्हणाल्या. "एकदा सदर बाजारात सापडले. एकदा पार अचलपूरच्या रोडवर. एकदा मीच दिवसभर फिरली रडत, मंग एका रिक्षावाल्यानं फोन केला. साऱ्या शर्टाले शिवून ठेवलं हे."

"आन मले सांगतलं नाई?"

"कोनालेच नाई सांगतलं. पोराले, पियुषले कळलं तर तो पुण्याले नेईन. अकराव्या मजल्यावर राह्यते तो. तथी हे खिडकीत बसून मरून जातीन, भाऊ." "सहा महिन्यांपासून मी झोपलीच नाई. दाराले कुलूप लावते, किल्ली उशीखाली, तरी जरा काही वाजलं का उठून पायते. तुमी न्यायचं म्हटलं तवा मले भेव वाटलं. पन मले एक दिवस पायजे होता. मनाले लाज वाटून राह्यली होती, पन पायजे होता."

त्या पदरात तोंड लपवून रडल्या. भगवंत गोंधळून त्यांच्याकडे पाहत होता. मग त्यानं हात पुढं केला आणि त्यांच्या डोक्यावर ठेवला, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा.

धर्मपाल खुर्ची ओढून बसला. त्याला मोठमोठं काही बोलता यायचं नाही. तो म्हणाला, "सोमवार आन गुरुवार तो माह्याकडं. सकाळी नेईन, जेवून आनीन. जाईलेही सांगतो. आन पियुषले फोन आपन दोघं मिळून करू. त्याले न सांगून चालनार नाई, वयनी. तो पोरगा आहे त्याचा."

"आन पुन्हा हरवले तर?"

"तर शोधू. तुमी एकटीनं नाई, साऱ्यायनं."

माणिकबाईंनी डोळे पुसले. चहा करते म्हणून उठल्या.

"चहा मी करतो," धर्मपाल म्हणाला. "तुमी जरा पडा. दार मी पायतो."

त्या आढेवेढे घेत आतल्या खोलीत गेल्या. "दहाच मिनटं," म्हणाल्या. धर्मपालनं साखर शोधली, आलं शोधलं, दूध उतू घालवलं. चहा गार झाला तरी आतून चाहूल नव्हती. त्यानं पडद्यातून पाहिलं. माणिकबाई कुशीवर झोपल्या होत्या, घरातल्या चपला अजून पायात, उशीसुद्धा घेतली नव्हती.

भगवंत त्यांना उठवायला निघाला. धर्मपालनं त्याचा हात धरला आणि त्याला ओसरीवर आणून बसवलं. दोघांनी तो कडवट चहा प्यायला. समोरून लोक जात-येत होते, आणि भगवंत प्रत्येकाला रामराम घालत होता. शेजारची तानुबाई मेथीची जुडी द्यायला आली, तिला धर्मपालनं ओठावर बोट ठेवून गप्प केलं. ऊन उतरलं, दिवेलागण झाली. जाईबाईचा दोनदा फोन येऊन गेला. धर्मपाल तिथंच बसून राहिला, आणि माणिकबाई आपल्या आपण जाग्या होईपर्यंत त्यानं कुणालाही आत जाऊ दिलं नाही.